ब्रह्मदेवाची जागा

चाळीस वर्षांत म्हस्कूनं बांधलेल्या एकाही घराला तडा गेला नव्हता, आणि ही गोष्ट त्यानं ज्याला सांगितली नाही असा माणूस बारामतीपासून इंदापुरापर्यंत शोधून सापडला नसता. त्याच्या बापानं मेंढरं राखली, आजानं मेंढरं राखली. म्हस्कूच्या हातात मात्र कुणीतरी थापी दिली आणि ती पुढं सुटलीच नाही. लग्नाच्या पंगतीत बसला तरी समोरच्या भिंतीकडं बघून तो शेजाऱ्याला विचारायचा, "ही भिंत कुणी बांधली वो? ओळंबा घरी इसरला हुता वाटतं." यजमान मागं उभा असला तरी त्याला फिकीर नसे. त्याची बायको साखरबाई म्हणायची, "आधी तुमच्या तोंडाला गिलावा करा."

आता वय सदुसष्ट. जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. म्हणून डाव्या कालव्याच्या कडेला दादासोंचा बंगला बांधायला घेतला तेव्हाच त्यानं सांगून टाकलं, की हे आपलं शेवटचं घर. दादासो म्हणजे उसाचे बागायतदार, सरळ आणि थोडे भिडस्त. त्यांची आई द्वारकाबाई ऐंशीच्या पुढची, पण आवाज असा की कालव्यापलीकडचा माणूस वळून बघेल. मुलगा ऋषिराज एमआयडीसीतल्या एका कारखान्यात नोकरीला, रोज मोटारसायकलवर जाऊन येऊन करणारा.

शेवटचं घर म्हणून म्हस्कूनं त्यात जीव ओतला. जमीन काळी, त्यात कालव्याचा पाझर. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. हॉल तर ऋषिराजच्या हौसेनं एवढा मोठा, की आत ट्रॅक्टर वळला असता. इतका मोठा स्लॅब नुसत्या भिंतींच्या भरवशावर टाकायला म्हस्कूचं मन धजेना. त्यानं हॉलच्या मधोमध एक दणकट खांब दिला. दादासोंना खांब आवडला. द्वारकाबाईंना तर फारच आवडला, कारण उठताना धरायला झाला.

वास्तुशांत रविवारी ठरली होती. आणि मंगळवारी ऋषिराजनं कुणा वास्तुतज्ज्ञाला व्हिडिओ कॉलवरून घर दाखवलं. नकाशा त्याला आधीच पाठवलेला होता. तज्ज्ञानं नकाशावर बोट ठेवलं आणि सांगितलं, घराचा मध्य म्हणजे ब्रह्मस्थान. ती ब्रह्मदेवाची जागा. ती मोकळी हवी. तुमचा खांब बरोबर ब्रह्मदेवाच्या पोटावर उभा आहे.

"तात्या, खांब काढावा लागेल," ऋषिराज म्हणाला.

म्हस्कूला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. तो हसला. ऋषिराज हसला नाही.

"आरं, काढायला त्यो काय मांडवाचा बांबू हाय? वरचा सगळा भार त्याच्यावर हाय. काढला तर दोन पावसाळ्यांत स्लॅब खाली येतोय बघ."

"जॅक लावून लोखंडी बीम टाकतात आता. गुरुवारी माणूस येतोय. तुमच्या काळातलं वेगळं होतं, तात्या."

तुमच्या काळातलं! म्हस्कूनं दादासोंकडं बघितलं. दादासो टोपी काढून आतल्या अस्तराचा अभ्यास करायला लागले. बंगल्याचे धनी ते, पण मुलाच्या मनात एकदा शंका शिरली की तिला बाहेर काढायची हिंमत बापात नव्हती. म्हस्कूला राग आला, आणि रागापेक्षाही जास्त वाईट वाटलं. खांब निघाला तर हे घर बसणार, हे त्याला ढळढळीत दिसत होतं. शेवटचंच घर, आणि तेच पडणार.

बुधवारी दुपारी घरातले सगळे जेवायला जुन्या स्वयंपाकघरात गेले. तेव्हा म्हस्कूच्या डोक्यात आलं, की बघू तर खरं, मध्य खरोखर खांबावरच येतोय का. त्यानं आपल्या हाताखालच्या गोकुळला बोलावलं. गोकुळ पंचवीस वर्षं त्याच्याबरोबर होता आणि त्याच्या मनातलं तोंडातून निघायच्या आधी ओळखत होता. दोघांनी घराच्या चार कोपऱ्यांतून दोन दोऱ्या तिरक्या धरल्या, भिंतींमुळे कुठं वरून कुठं खिडकीतून ओढून घेतल्या, टेपनं पुन्हा मोजून पाहिलं.

दोऱ्यांची फुली खांबावर आली नाही. खांबापासून सात फूट पूर्वेला आली. म्हस्कूला इतका आनंद झाला की त्यानं गोकुळच्या पाठीत थाप मारली. मग तो भिंतीला वळसा घालून पलीकडं फुली नेमकी कुठं पडलीय ते बघायला गेला.

पलीकडं ऋषिराजच्या खोलीचं बाथरूम होतं. निळ्या टाइल्स, टाइल्सवर मासे, आणि फुलीच्या बरोबर खाली, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, पांढराशुभ्र कमोड.

म्हस्कू उंबऱ्यावर खाली बसला.

चूक कशी झाली ते त्याला तिथं बसल्या बसल्या उमगलं. नकाशात द्वारकाबाईंचं जुनं स्वयंपाकघर नव्हतं, कारण ते पाडायचं ठरलं होतं. पण म्हातारीनं चुलीपुढं बसकण मारली आणि म्हणाली, "मला पाडा, मग हिला पाडा." मग म्हस्कूनंच तोड काढली. जुनी खोली तशीच ठेवून तिच्यापासून नव्या घरात थेट ह्या बाथरूमच्या भिंतीपर्यंत बोळ बांधला, त्यावर स्लॅब टाकला, आणि घर पूर्वेला चौदा फूट वाढलं. सगळ्यांनी त्याची वाहवा केली. वाढलेल्या घराचा मध्य सरकतो, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. चाळीस वर्षं इतरांच्या भिंतींना नावं ठेवणाऱ्या माणसानं ब्रह्मदेवाच्या जागेवर संडास बांधला होता.

"मिस्तरी," गोकुळ हळूच म्हणाला, "ह्ये कुणाला कशाला सांगायचं? उद्या सगळ्यांम्होरं मोजायचं. माझ्याकडचं टोक मी वाईच सरकवून धरतो. फुली बोळात यील. बोळ मोकळा हाय. खांब वाचला, तुमी वाचला, देव बी खूश."

म्हस्कूनं हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

चार वाजता तो गाडीला किक मारून बारामतीला कसब्यात गुरुजींकडं गेला. गुरुजी रविवारी वास्तुशांत करणार होते. त्यांनी खांब चालेल म्हणून नुसती मान हलवली असती, तरी गोकुळच्या युक्तीची गरज पडली नसती. गुरुजी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. त्यांनी मूठभर म्हस्कूपुढंही ठेवल्या.

"मधली जागा त्याचीच, म्हस्कूराव," ते म्हणाले. "मी वास्तूचं मंडल मांडतो ना, एक्क्याऐंशी घरांचं, त्यात मधली नऊ घरं ब्रह्मदेवाची. बाकीचे देव भोवतीनं."

"पर गुरुजी, एवढा मोठा मान, आन् आपल्याकडं त्याचं देऊळ कुठं दिसत न्हाय ते?"

"दिसणार कसं? विष्णू जग सांभाळतो, त्याला रोज हाक मारावी लागते. शंकर संहार करतो, त्याचा धाक वाटतो. ब्रह्मदेवानं आपलं काम करून ठेवलंय. झालेल्या कामाला कोण विचारतं? आता ही आपली कऱ्हा, त्याच्याच कमंडलूतून सांडली म्हणतात. पाणी सगळे पितात, आठवण कोण काढतो?"

"आगदी गवंड्यासारखं झालं की ह्ये!" म्हस्कू म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच एखादा देव त्याला आपल्या बिरादरीतला वाटला. त्यानं उत्साहानं दोन शेंगा फोडल्या.

"तसंच. पण पुराणात कारण वेगळं सांगतात. एकदा ब्रह्मा आणि विष्णू यांच्यात मोठा कोण यावरून जुंपली. तेवढ्यात दोघांच्या मधोमध अग्नीचा एक खांब उभा राहिला."

खांब म्हटल्यावर म्हस्कूचा हात थांबला.

"वरचं टोक दिसेना, खालचं दिसेना. विष्णू वराह होऊन खाली गेला, ब्रह्मा हंस होऊन वर गेला. विष्णू परत येऊन म्हणाला, मला बूड सापडलं नाही. ब्रह्मदेवालाही शेंडा सापडला नव्हता. पण तो म्हणाला, सापडला. वर केवड्याला साक्षीला उभं केलं. मग खांबातून शंकर प्रकटला आणि म्हणाला, तू खोटं बोललास, तुझी पूजा होणार नाही."

"एवढा चार तोंडांचा देव, खोटं कशापायी बोलला?"

"हरलो म्हणायची लाज वाटली. दुसरं काय?"

म्हस्कूनं शेंगा खाली ठेवल्या. ज्या कामासाठी तो आला होता ते त्याच्या तोंडून निघेना. केवड्याच्या जागी त्याला गोकुळ दिसायला लागला, हातात दोरीचं टोक धरून डोळा मारणारा.

"मग संपलंच म्हणायचं त्याचं," तो कसाबसा म्हणाला.

"छे! यज्ञात त्याची जागा ठेवलीच आहे. दक्षिणेला बसतो. बोलत नाही. आम्ही बाकीचे बडबड करत असतो, कुणाचा मंत्र चुकतो, कुणाची आहुती राहते. ती चूक पदरात घेऊन काम तडीस न्यायचं, हे त्याचं काम. तो नसेल तर होम उभाच राहत नाही."

गुरुवारी सकाळी जॅकवाला टेम्पो घेऊन हजर झाला. लोखंडी बीम ओट्यावर उतरले. ऋषिराजनं सुट्टी काढली होती. दादासो, द्वारकाबाई, शेजारचे दोनचार जण, आणि रविवारचं सामान किती लागेल ते सांगायला आलेले गुरुजी, सगळे हॉलमध्ये जमले. म्हस्कू दोरी घेऊन पुढं झाला.

"काढायचा तर काढा. पर आधी मोजू. नकाशा कागदावरचा हाय, घर जमिनीवर हाय."

ऋषिराज म्हणाला, "मोजा की." पोरगा हट्टी होता, पण अन्यायी नव्हता.

दोऱ्या ताणल्या. गोकुळनं आपलं टोक कोपऱ्यापासून वाईच सरकवून धरलं आणि चेहरा देवळातल्या पुजाऱ्यासारखा भाबडा केला. फुली बोळात आली. मोकळ्या बोळात, स्वच्छ फरशीवर.

"आरं, हितं तर काहीच न्हाय!" दादासो ओरडले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली. "बोळ हाय हितं! मोकळाच हाय!" ऋषिराजनं फुलीचा फोटो काढला आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. "तात्या, चुकलं माझं," तो म्हणाला. जॅकवाल्यानं बीम परत टेम्पोत टाकायला सांगितले. द्वारकाबाई खांबाला हात लावून म्हणाल्या, "म्हस्कूचं काम म्हंजी काम! कदी चुकलाय का त्यो?"

तेवढं एक वाक्य त्या बोलल्या नसत्या तर कदाचित निभावलं असतं. खांब वाचला होता, अब्रू वाचली होती, आता फक्त दोरी गुंडाळायची होती. पण गुरुजी त्याच्याकडं बघून कौतुकानं हसत होते, आणि त्या हसण्याखाली त्याला उभं राहवेना.

"गोकुळ," तो म्हणाला, "दोरी नीट धर."

"धरलीया की, मिस्तरी."

"नीट धर म्हणतो ना! कोपऱ्यावर."

गोकुळनं त्याच्याकडं बघितलं, सुस्कारा टाकला आणि टोक कोपऱ्यावर नेलं. फुली बोळातून सरकली आणि भिंतीपलीकडं गेली. माणसं तिच्यामागं गेली. बाथरूमच्या दारात सगळ्यांची दाटी झाली. दोन दोऱ्या कमोडच्या झाकणावर एकमेकींना छेद देऊन थरथरत होत्या.

"माझी चूक हाय," म्हस्कू म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "बोळ बांधला तवा मध्य सरकला. मी मोजला न्हाय. काल मोजला, आन् लाजंपायी लपवला. खांबाचा काय दोष न्हाय. काढायचा आसंल तर ह्यो काढा. ह्येच्यावर कसला भार न्हाय. माझ्या हातानं काढून देतो."

दादासोंनी पुन्हा टोपी काढली. ऋषिराज कधी माशांकडं, कधी म्हस्कूकडं बघत राहिला. पहिला आवाज आला तो द्वारकाबाईंचा. त्या हसत होत्या. आधी तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, मग भिंतीला धरून.

"आगं आई गं! माझ्या चुलीपायी ब्रह्मदेव संडासात गेला व्हय रं, म्हस्कू!"

मग कुणालाच आवरेना. जॅकवाला खाली बसून हसला. दादासो डोळे पुसत म्हणाले, "तात्या, तुमच्याकडनं चूक झालेली बघायला मिळाली, माझा बंगला वसूल झाला." म्हस्कूही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की आभाळ कोसळलेलं नाही. इतकी वर्षं तो ज्याला भीत आला ते हे एवढंच होतं.

ऋषिराज तेवढा हसला नव्हता. तो गुरुजींना म्हणाला, "इथे पूजा चालेल?"

"वापर झालाय का?"

"न्हाय वो," गोकुळ म्हणाला, "प्लास्टिकसुदिक काढलं न्हाय."

"मग कसली हरकत? गोमूत्र शिंपडू."

ऋषिराजनं शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि घण उचलला. "तात्या, कुठनं सुरुवात करायची?" त्यानं घण असा धरला होता की पहिला फटका त्याच्याच पायावर बसला असता. म्हस्कूनं त्याचे दोन्ही हात धरून घण नीट धरायला शिकवला. शनिवारपर्यंत कमोड निघाला, नळ निघाले, पाईप बुजले, दारासकट अर्धी भिंत गेली. ऋषिराजच्या तळहाताला फोड आले आणि तो ते येईल त्याला दाखवत सुटला. त्याची आंघोळ पुढचे दोन महिने अंगणातल्या मोरीवर होणार होती. आजीला त्याचाच जास्त आनंद होता.

रविवारी त्या सहा बाय पाचच्या जागेत, निळ्या माशांच्या मधोमध, गुरुजींनी मंडल मांडलं. दादासो आणि त्यांची बायको पाटावर दाटीवाटीनं बसले. धूर पंख्यासाठी ठेवलेल्या भोकातून नीट बाहेर जात होता, आणि गुरुजी म्हणाले की इतकी सोयीची वास्तुशांत त्यांनी आजवर केली नव्हती. दक्षिणेला त्यांनी दर्भाची एक जुडी गाठ मारून ठेवली. तोच ब्रह्मा. कुणी त्याला फारसा नमस्कार केला नाही. होम संपल्यावर गुरुजींनी ती गाठ सोडली आणि दर्भ पुन्हा नुसते दर्भ झाले. बाकीचे प्रसादाकडं वळले होते. म्हस्कू एकटाच ते बघत होता. काम झालं, गाठ सुटली. त्याला त्यात वाईट काही वाटलं नाही.

दादासोंनी त्याला टॉवेल-टोपीचा आहेर केला. गवंड्याचा मान एवढाच असतो. आहेर घ्यायचा आणि बाहेर मांडवात कामगारांच्या पंगतीला बसायचं, असं तो चाळीस वर्षं करत आला होता. घर उभं राहिलं की ते धन्याचं. टोपी काखेत मारून म्हस्कू साखरबाईला खूण करत दाराकडं निघाला.

"म्हस्कू! कुठं निघालास?" द्वारकाबाईंचा आवाज कालव्यापलीकडं गेला असणार.

"जेवतो की, आक्का. भाईर मांडवात."

"भाईर न्हाय. हितं बस."

ऋषिराजनं हॉलमध्ये खांबाला लागून पाट मांडला. म्हस्कू नको नको म्हणत होता तरी त्याला खांद्याला धरून बसवलं आणि शेजारी स्वतः बसला. दादासो पुरणपोळ्या वाढायला आले. समोरच्या पंगतीतला एक पाहुणा हॉल न्याहाळत होता. त्याला समोर कोण बसलंय याची कल्पना नव्हती.

"बंगला झ्याक हाय," तो म्हणाला, "पर ऐन मदी खांब? ही कुणाची अक्कल?"

साखरबाईनं श्वास रोखला. आता नवऱ्याची चाळीस वर्षांची टकळी सुरू होणार, आणि पाहुण्याची पोळी गार होणार. पण म्हस्कू काहीच बोलला नाही.

"आमच्या तात्यांची," ऋषिराज म्हणाला. "त्यांच्यामुळंच तर डोक्यावरच्या स्लॅबखाली निवांत जेवतोय आपण. वाढा, दादा, त्यांना तूप वाढा."

म्हस्कूनं पाठ मागं टेकवली. एवढी घरं बांधली, पण बांधलेल्या कशालाही असा टेकून तो कधी बसला नव्हता. खांब गार होता, सरळ होता, आणि त्याचं वजन मुकाट्यानं पेलत होता. म्हस्कूचे डोळे भरून आले. त्यानं ते पुसले नाहीत, तसंच तूप घालून पोळी खायला घेतली.